आकड्यांची पोथी

साहेबांच्या ट्रंकेत काय काय असतं याची यादी मी त्यांच्या हाताखाली लागलो त्याच आठवड्यात करून ठेवली, कारण मुक्काम हलला की काहीतरी मागं राहायचंच. दोन शेरवान्या, त्यातली एक बगलेत उसवलेली. दाढीचं सामान. पितळी तराजू, वजनं फडक्यात बांधून. लांब सुंभाचा दोर आणि चार लोखंडी खुंट्या. आणि लाल कापडात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक. त्याच्यापुढं मी 'पोथी' असं लिहिलं. दोन दिवसांनी कापड सोडून बघितलं तर आत एकही शब्द नव्हता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसते आकडे, चार-चारच्या जुडग्यांनी उभे. क्रम नाही, बेरीज नाही, पाढा नाही.

मी विचारलं, हे कशाचे आकडे आहेत. साहेब दाढी करत होते. म्हणाले, "कशाचेच न्हाईत. म्हणून तर कामाचे आहेत."

साहेब आळंदच्या बाजूचे, खजुरीजवळच्या एका लिंगायत व्यापारी घरातले. घरात कानडी, बाजारात मराठी, कचेरीत उर्दू. आणि रागावले की तिन्ही बंद. निजामी सरकारनं त्यांना लांब पाठवून नमुन्याची विद्या शिकवून आणली होती. वरचे अधिकारी तिला 'दोर टाकण्याची विद्या' म्हणत. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. शहरात धान्याचा तुटवडा होता, आणि प्रत्येक गावानं पिकाच्या मानानं सरकारला लेव्हीचा जोंधळा घालायचा होता. गावात पिकलं किती हे तोवर नजरेनं ठरत असे. गिरदावर, म्हणजे महसुलाचा फिरता अंमलदार, घोड्यावरून येई, बांधावरून बघे आणि सांगे, यंदा सोळा आण्यांत दहा आणे पीक आहे. तो जेवून आला असेल तर बारा आणे.

साहेबांची रीत वेगळी होती. गावातल्या सगळ्या सर्व्हे नंबरांची यादी पुढं घ्यायची, पोथीत डोळे मिटून बोट ठेवायचं, येईल त्या आकड्याचं शेत धरायचं. त्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहून पोथी सांगेल तितकी पावलं पूर्वेला आणि तितकी उत्तरेला चालायचं. थांबाल तिथं खुंटी ठोकायची, दोराची चौकट ताणायची, चौकटीतली कणसं कापायची, मळायची, तोलायची. चांगलं रान, वाईट रान, पाटलाचं, विधवेचं, काही बघायचं नाही. माझं काम खुंटी ठोकण्याचं आणि लिहिण्याचं. तराजू धरायला महबूब नावाचा शिपाई होता. त्याला वजन डोळ्यांनीच कळत असे, आणि साहेबांना ते मान्य नसल्यामुळं तो आधी मनाशी सांगून मग तोलत असे.

लोकांना वाटे, साहेब मुहूर्त काढतात. राजेश्वर गावच्या मुक्कामात एक म्हातारा मुलीच्या लग्नाचं विचारायला आला. साहेबांनी नाही म्हणून बघितलं, मग त्याच्याकडूनच पान उघडवलं, आकडा वाचला आणि म्हणाले, "बाबा, हा आकडा तुझ्या लेकीला वळखत न्हाई." म्हातारा हात जोडून समाधानानं गेला. हे स्थळ नको असा कौल मिळाला, असं त्यानं गावभर सांगितलं.

बीदरला असले की साहेब शहराला लागून असलेल्या मैलूरला एका खोलीत राहत. भाजी रोज काय करायची यावरून स्वयंपाकी आणि महबूब भांडत, म्हणून साहेबांनी तेही पोथीवर टाकलं. पाच भाज्यांना पाच आकडे. पहिल्याच आठवड्यात सलग चार दिवस वांगी आली. स्वयंपाकी म्हणाला, "साहेब, पोथी बिघडली." साहेब वांगं चिवडत म्हणाले, वांग्याचा दोष न्हाई, पोथीचाही न्हाई, असं होतं, कधीच झालं नसतं तर मला संशय आला असता. पाचव्या दिवशीही त्यांनी बोट ठेवलं. काय आलं ते मी लिहून ठेवलेलं नाही, पण स्वयंपाकी त्या दिवशी उपास आहे म्हणाला.

बाजारात त्यांच्याबरोबर जायला मला लाज वाटे. दोन शेर तुरीची डाळ घ्यायची, तर पोतं वरून, मधून, बुडातून उघडायला लावत. एक दुकानदार त्यांना बघितलं की पोतं आधीच आडवं करून ठेवी. घरात भात शिजत असताना स्वयंपाक्यानं एक दाणा बोटात दाबून बघितला, तर साहेब दारातून विचारत, वरचा का तळाचा?

पण खळ्यावर हा माणूस गप्प होत असे. उपणणी चालली की बाजूला दगडावर बसून ते रास वाढताना बघत. धान्य मधोमध उंच चढतं आणि दोन्हीकडं उतरत जातं. एकदा मला म्हणाले, आपले वजनाचे आकडेही असेच बसतात. मग कंदिलाची काच पुसून, चौकटीच्या कागदावर त्यांनी एका गावाची सगळी वजनं मांडून दाखवली. एक वजन, एक टिंब. तेच वजन पुन्हा आलं की टिंबावर टिंब. खरोखर रास झाली. मधल्या वजनांची टिंबं पुष्कळ. फार हलकी आणि फार जड थोडी, दोन कडांना.

"ह्या राशीवरून दोन गोष्टी कळतात," ते म्हणाले. "गावाचं पीक अंदाजे किती, ही एक. आणि आपण कितीनं चुकत असू, ही दुसरी. पहिली कुणीही सांगंल. दुसऱ्यासाठी मला पगार आहे."

आता ज्या गावासाठी मी हे लिहायला बसलो ते गाव. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. राजेश्वरपासून बैलबंडीनं अर्ध्या दिवसाचं अंतर. तिथं चाळीस ठिकाणी दोर टाकायचा होता आणि साहेब तापानं आडवे होते, म्हणून मी आणि महबूब दोघेच गेलो. गावची वसुली बघणारा माली पाटील शिवलिंगप्पा भला माणूस. त्याची आई, सगळं गाव जिला अक्का म्हणे, तिचं एक रान स्वतःच्या नावावर होतं आणि पोथीत नेमकं ते निघालं. मी पावलं मोजत गेलो. थांबलो ते बरोबर चोपणाच्या एका तुकड्यावर. पांढरी पडलेली जमीन, भोवतीनं जोंधळा छातीइतका, आणि त्या तुकड्यात कणसाचं एक ताट उभं नाही.

मी कागदावर शून्य लिहायला लागलो, तर मागोमाग आलेल्या अक्कानं माझा हात धरला. त्या भागात माप कधी झाडून रिकामं करत नाहीत, तळाशी चार दाणे ठेवतात. रिकाम्या मापाला लक्ष्मी पाठ फिरवते म्हणतात. अक्का म्हणाली, माझ्या रानावर रिकामं लिहू नको बाबा, सत्तर वर्षांत कुणी लिहिलं नाही. मी महबूबकडं बघितलं. तो आभाळाकडं बघायला लागला. मी खुंटी उपटली आणि दहा पावलं पुढं, जोंधळ्यात ठोकली.

तिनं मला काही दिलं नाही, मी काही मागितलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं तशी बोलवा झाली होती. दुसऱ्या शेतावर तोच प्रकार झाला, तेव्हा हात धरायला कुणी आलंही नाही, मीच सरकलो, आणि पुढंही सरकत गेलो. एकीला सूट आणि दुसऱ्याला शून्य, हे बरं दिसलं नसतं. परत आल्यावर वजनं साहेबांना दिली. अंगात ताप असतानाच त्यांनी बेरीज केली, सही केली आणि आकडा तहसिलीला गेला.

सुगी संपली. रानं मोकळी झाली. एक दिवस शिवलिंगप्पा मुक्कामावर आला आणि पागोटं काढून बसला. लेव्हीचा हुकूम आला होता. खायचं सगळं घातलं तरी पुरत नव्हतं. उरलेलं भरायला बियाचं पेव फोडावं लागणार होतं. बियाचा जोंधळा गावात एकाच पेवात, जमिनीखाली, सगळ्यांचा मिळून ठेवलेला असे. ते फुटलं तर पुढच्या हंगामाला पेरणी नाही. बंड्या भरायला बारा दिवस होते.

"साहेब, एवढं पिकलंच न्हाई," तो म्हणाला. "तुमी मोजलाव म्हणून आमी गप हाव. न्हाईतर आमचे डोळे म्हणायलेत की न्हाई पिकलं."

साहेबांनी त्याला पाणी दिलं, कागद काढला आणि त्याच्या गावाची टिंबं मांडायला बसले. तापामुळं हे तेव्हा राहून गेलं होतं. मांडता मांडता त्यांचा हात थांबला. कागद माझ्याकडं फिरवून त्यांनी डाव्या बाजूवर बोट ठेवलं. उजवीकडं रास हळूहळू उतरली होती. डावीकडं उतारच नव्हता. हलकी वजनं सुरू व्हायच्या आत टिंबं संपली होती, भिंतीसारखी.

"हिकडचा उतार कुठं गेला?"

खोटं बोलायची सोय नव्हती, कारण आकडेच माझ्याविरुद्ध बोलत होते. मी सगळं सांगितलं. शिवलिंगप्पासमोर सांगितलं, म्हणजे त्याच्या आईचंही सांगितलं. नोकरी गेली असं मी मनात धरूनच चाललो होतो.

"कामून हलवलास?"

"वाईट वाटलं म्हणून."

साहेबांनी मान हलवली. ओरडले नाहीत. फक्त विचारलं, किती ठिकाणी? मी म्हणालो, सहा-सात. कोणकोणत्या जागा? मला चार आठवत होत्या. याद्या करण्याचा माझा जन्माचा नाद, पण ही यादी मी केलेली नव्हती. साहेब म्हणाले, "मग चाळीसही बघावी लागतील." शिवलिंगप्पा म्हणाला, रानं तर कापून झाली, आता काय बघणार? साहेबांनी पागोटं उचलून त्याच्या हातात दिलं. जोंधळा कापला तरी धसकटं राहतात, ते म्हणाले. आणि पावलं माझ्याकडं लिहिलेली आहेत.

तीन दिवस आम्ही चाललो. साहेबांच्या अंगात ताकद नव्हती, तरी पावलं त्यांनी स्वतः मोजली. प्रत्येक खऱ्या जागेवर दोर ताणायचा, आतली धसकटं मोजायची, शेजारच्या रानाशी ताडून बघायचं. जिथं मी प्रामाणिक होतो तिथं धसकटं भरपूर. जिथं सरकलो होतो तिथं जमीन नुसती. बाराव्या शेतापासून गावही मागं चालू लागलं. आपापल्या रानातली बोडकी जागा लोक स्वतःच दाखवू लागले, तर साहेब ती घेईनात. एकजण चिडून म्हणाला, "अहो, हितं बघा की, हितं बी काय न्हाई." साहेब म्हणाले, पोथीनं सांगितलं न्हाई. "तुमची पोथी आमच्या बाजूनं हाय का सरकारच्या?" कुणाच्याच न्हाई, असं म्हणून साहेब पुढं चालले.

अक्काच्या रानात ती आधीच येऊन उभी होती, त्या पांढऱ्या तुकड्याच्या मधोमध. दोर तिच्याभोवतीनं ताणावा लागला. साहेबांनी तिला बाहेर ये म्हटलं नाही. तेही दोराच्या आत गेले आणि तिच्यापुढं उकिडवे बसले.

"अक्का, हितं पेरली होतीस ना?"

"पेरलं की. उगवलं न्हाई."

"मग उगवलं न्हाई, एवढंच लिहायलोय. तू पेरली न्हाईस असं न्हाई."

अक्कानं पायाखालची पांढरी माती पायानं सारली. मग कानडीत त्यांना काहीतरी म्हणाली, ते मला पुरतं कळलं नाही. साहेबांनी खाली बघितलं. शेवटी मराठीत म्हणाली, माझ्याकडं बघून, "लिव. पर बियाच्या पेवाला हात लागला तर तुझा हात मी मोडते." मी शून्य लिहिलं. उर्दूत शून्य म्हणजे एक ठिपका; बोरू टेकवला की झालं. तेवढ्याला मला फार वेळ लागला.

सरकवलेल्या जागा सात निघाल्या. नवा आकडा घेऊन साहेब तहसीलदारांपुढं उभे राहिले. मी मागं होतो. तहसीलदार वाईट माणूस नव्हता. त्याच्या मेजावर वरून आलेल्या तारांचा ढीग होता, शहरात रांगा लागल्या होत्या आणि त्याला एक आकडा हवा होता. पहिला आकडा चुकीचा होता, साहेब म्हणाले. चूकही माझीच, असं ते म्हणाले. पावलं जिथं संपतील तिथंच खुंटी ठोकायची हे मी शिकवलं, का ठोकायची ते शिकवलं नाही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी पुढं व्हायला लागलो तर त्यांनी न बघता हातानं मागं सारलं.

तहसीलदारांनी विचारलं, मग हा नवा आकडा तरी बरोबर कशावरून? साहेबांनी कागद ठेवला. त्यावर एक आकडा नव्हता, दोन होते. खरं पीक या दोहोंच्या मध्ये कुठंतरी असावं, बहुतेक करून, असं ते म्हणाले.

"यानी आपको मालूम नहीं," तहसीलदार म्हणाले.

"जी नहीं. पण मी कितीनं चुकत असेन ते मला माहीत आहे. बांधावरून बघणाऱ्याला तेही माहीत नसतं."

कचेरीत पटवारी, गिरदावर, सगळे उभे होते. कुणीतरी हसलं. इतकं राबून सरकारला 'माहीत नाही' सांगायला आलेला अधिकारी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. तहसीलदार दोन आकड्यांकडं बघत राहिले आणि म्हणाले, दोन लेव्ह्या तर घेता येत नाहीत, कोणता धरू?

खालचा धरा, साहेब म्हणाले. वरचा धरून चुकलो तर या गावाचं बी जाईल आणि पुढच्या वर्षी इथं मोजायलाच काही नसेल. खालचा धरून चुकलो तर शहराला काही पोती कमी पडतील. कोणती चूक परवडते ते हुजूर ठरवा. ते काही पोथी सांगत नाही.

हुजुरांनी त्या दिवशी काही ठरवलं नाही. बंड्या भरायच्या दोन दिवस आधी साहेबांना शहरातल्या कचेरीत, जुनी दप्तरं लावण्याच्या कामावर हलवल्याचा हुकूम आला. त्या तालुक्यात दोर टाकणं बंद, पुन्हा नजरेनं आणेवारी. ट्रंक मीच भरली. पोथी त्यांनी काखेत घेतली. बंडीत बसताना मला म्हणाले, शून्य लिहिताना वाईट वाटलं तर वाटू दे, ते चांगलं आहे. मग म्हणाले, "पर लिही."

दुसऱ्या दिवशी लेव्हीचा सुधारलेला हुकूम निघाला. खालचा आकडा धरला होता. कारण म्हणून 'रयतेच्या अर्जाचा सहानुभूतीनं विचार करून' असं लिहिलं होतं. दोराचा उल्लेख नव्हता, साहेबांचाही नव्हता. मी तो घेऊन गावात गेलो आणि चावडीवर वाचला. शिवलिंगप्पानं दोनदा वाचायला लावला. पेव फोडायला आणलेल्या पहारी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, त्या लोकांनी उचलून घरी नेल्या. अक्कानं साहेब कुठं म्हणून विचारलं. गेले म्हटल्यावर ती मला म्हणाली, तू कामून राहिलास? मी हुकूम घडी करून खिशात ठेवला.

मी साहेबांना पत्र टाकलं. लेव्ही कमी झाली, पेव वाचलं, गाव तुमचं नाव घेतं, असं बरंच लांबलचक लिहिलं. उत्तर यायला पावसाळा उजाडला. पत्र चार ओळींचं होतं. दप्तरांना वाळवी आहे. तब्येत बरी आहे. गाव नाव घेतं हे कळलं, पण त्यानं मला काही समजत नाही. रब्बीची पेर झाली की जाऊन बघ, खरंच पेरलं का. सगळी रानं नकोत, दहा पुरेत. खाली त्यांनी दहा सर्व्हे नंबर लिहून पाठवले होते.

हस्ताचा पाऊस उघडल्यावर मी रजा काढून गेलो. शिवलिंगप्पा मला आपलं नव्यानं पेरलेलं रान दाखवायला ओढत होता. मी यादी दाखवली आणि एकटाच फिरलो. जोंधळा बोटभर वर आला होता. एकेका नंबरावर उभं राहून खूण करत गेलो. नऊ रानांत ओळी धरल्या होत्या. दहावं पडीक होतं. शेजारच्यानं सांगितलं, बी मिळालं होतं, पण ऐन पेरणीत मालकाचा बैल बसला. तो म्हणाला, सरकारी कागद असेल तर पेरलं म्हणूनच लिहा, कशाला बिचाऱ्याचं नाव वाईट.

बैलाचं मी पत्रात खाली वेगळं लिहिलं. दहाव्या नंबरापुढं शून्य लिहिलं, आणि त्याच दिवशी राजेश्वरला जाऊन पत्र टाकलं.